कागद माझा, विचारतात तिला

हा लेख खरं म्हणजे माझ्याकडे आलाच नव्हता. या अंकाचे संपादक दुकानात आले तेव्हा मी गल्ल्यावर बसलो होतो. माझ्याकडे बघून छान हसले आणि म्हणाले, "काकू आहेत का?" काकू आत बसून कागदाच्या गुंडाळ्या कापत होत्या, त्या बाहेर आल्या. घरी केक-बिस्किटं करणाऱ्या पनवेलच्या बायका काकूंचं कसं नाव घेतात, यावर दोघांचं बराच वेळ बोलणं झालं. मी मधल्या मधे चहा सांगितला. शेवटी आमच्या हिनेच तोडगा काढला की मला लिहायला जमायचं नाही, ह्यांना सांगा, ह्यांचं अक्षर चांगलं आहे. तेव्हा वाचकहो, अक्षर चांगलं या एकाच गुणावर मी आपल्यापुढे आलो आहे.

दुसरी गोष्टही आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना तुमचा गोंधळ नको. मी बायकोवर जळतो. लोक शेजाऱ्याच्या गाडीवर जळतात, भावाच्या फ्लॅटवर जळतात. मी स्वतःच्या बायकोवर जळतो, आणि तेही ओव्हनमध्ये घालायच्या कागदावरून. हसायचं तर हसा. मीही हसतो कधीकधी, पण शटर ओढून झाल्यावर.

आमचं दुकान पनवेलच्या जुन्या बाजारात. वडिलांच्या काळात पत्रावळी, द्रोण, सुतळी आणि मिठाईवाल्यांना लागणारा कागद एवढाच माल. पुढे घरोघरी ओव्हन आले, तशी मी केकची भांडी, साचे, फॉइल आणि ओव्हनचा कागद ठेवायला लागलो. हा कागद पनवेलच्या बाजारात पहिल्यांदा मी आणला. कुणी म्हणेल मी आणला, तर त्याने समोर येऊन सांगावं.

तुमच्यापैकी ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पांढरा आणि गुळगुळीत दिसला की लोक त्याला सरसकट बटर पेपर म्हणतात आणि ओव्हनमध्ये सारतात. पण त्यात तीन जातीचे कागद असतात. एक मिठाईच्या खोक्यात घालायचा पातळ चकचकीत, त्याचं काम बर्फी चिकटू न देणं, तेही थंड असताना. दुसरा मेणाचा. तो सँडविच गुंडाळायला उत्तम, पण गरम झाला की मेण वितळतं आणि धूर निघतो. तिसरा ओव्हनचा. त्याच्यावर सिलिकॉनचा हलका थर असतो, म्हणून त्याला काही चिकटत नाही, आणि किती अंशांपर्यंत चालतो ते खोक्यावर छापलेलं असतं. तोसुद्धा वरच्या लाल कॉइलला टेकला तर जळणारच, शेवटी कागद आहे तो. मेणाचा कुठला आणि ओव्हनचा कुठला हे ओळखायची माझी स्वतःची रीत आहे. नखाने एक ओरखडा काढायचा. पांढरी रेघ उमटली आणि नखात मेण आलं की समजायचं, हा ओव्हनला चालायचा नाही. मी प्रत्येक नव्या गुंडाळीवर नख ओढल्याशिवाय ती फळीवर ठेवत नाही. माझ्या या नखाची आमच्या हिने वर्षानुवर्षं टिंगल केली आहे. पाहुण्यांसमोरसुद्धा.

दिवाळीच्या आधी आमच्या दुकानाची खरी कसोटी. पनवेलमध्ये अजूनही पुष्कळ घरांतून नानकटाईचं पीठ मळून बेकरीत न्यायची पद्धत आहे. बेकरीवाल्याचे काळे ट्रे मिळतात, त्यात बायका तिथेच उभ्याने गोळे मांडतात, कोपऱ्यातल्या गोळ्यावर आपल्या नावाची चिठ्ठी लावतात आणि ट्रे भट्टीत जातो. आधीच्या घाण्यातल्या खारीचा वास आपल्या नानकटाईला लागू नये म्हणून ट्रेमध्ये कागद घालायचा, हे मीच सांगायला सुरुवात केली. भट्टी घरच्या ओव्हनपेक्षा फार तापते, तेव्हा कागद ट्रेच्या आतल्या मापाचाच कापायचा, कडा बाहेर लोंबू द्यायच्या नाहीत, हेही मीच. त्या दिवसांत दुकानासमोर बायकांची रांग असायची आणि प्रत्येकीच्या तोंडी एकच, काका, कोणता घेऊ म्हणता? मी खुर्चीत बसून बोट दाखवायचो. त्या खुर्चीसारखं सुख नाही हो. दुकान अरुंद, गल्ल्यापाशी एकच खुर्ची मावते. आधी वडील बसायचे, मग मी.

त्या खुर्चीत आमची ही, म्हणजे सुषमा, बसली ती माझ्या डोळ्यामुळे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी धूळ टाळायला सांगितली, आणि कागदाच्या दुकानात धूळ नाही असं कसं होईल. तोवर तिचा दुकानाशी संबंध एवढाच, की गुंडाळीचं शेवटचं चुरगळलेलं टोक किंवा पोचा पडलेला साचा मी घरी न्यायचो आणि ती तो वापरायची. ओव्हन घरात यायच्या आधी ती कुकरची शिटी आणि रिंग काढून, तळाला मीठ पसरून त्यात केक करायची. मला वाटलं चार दिवस बसेल, भाव सांगेल, सुटे पैसे देईल.

डोळा बरा होत आला तसा मी काळा चष्मा लावून दुकानात जायला लागलो, पण आतल्या स्टुलावर. तिथून मला ती पाठमोरी दिसायची आणि गिऱ्हाइकांचे चेहरे समोरून. मी कोणता हवा असं विचारायचो. ही मात्र एकेकीला थांबवून घ्यायची आणि विचारायची, काय करणार आहेस? कशात करणार? किती वेळ ठेवणार? पाच मिनिटांचं गिऱ्हाईक अर्धा तास. माझा जीव वर-खाली. पण गिऱ्हाईक जाताना हसत जायचं, आणि माझ्याकडून कधी कुणी हसत गेल्याचं मला आठवेना. तिथे पहिल्यांदा पोटात दुखलं.

खरा घाव घातला तो नयनाने. नयना गव्हाणची, घरचा मासळीचा धंदा, स्वतः वाढदिवसाचे केक करते आणि उलव्याच्या टॉवरमधल्या लोकांना ओव्हनमध्ये भाजलेलं भरलं पापलेट पुरवते. ती मासा फॉइलमध्ये गुंडाळून भाजायची. एकदा तक्रार घेऊन आली की फॉइलला काळे ठिपके पडतात, माशालाही लागतात आणि गिऱ्हाईक म्हणतं मासा शिळा हाय. तिची ऑर्डर तुटायची वेळ आली होती. मी तिला दुकानातलं सगळ्यात जाड फॉइल दिलं. त्यालाही ठिपके. पुन्हा आली तेव्हा मी स्टुलावर होतो. सुषमाने तिला विचारलं, मसाल्यात काय काय घालतेस? नयना म्हणाली, "आगळ. आमी पापलेटला आगळच लावतो." झालं. कोकमाचं आगळ म्हणजे आंबट, आणि आंबट लागून तापलं की फॉइल खाल्लं जातं. सुषमाने सांगितलं, आधी मासा केळीच्या पानात किंवा ओव्हनच्या कागदात गुंडाळ आणि मग वरून फॉइल लाव. मासा सुटतोही अलगद आणि रसही बाहेर जात नाही.

आता माझं दुःख नीट समजून घ्या. आंबट आणि फॉइल यांचं जमत नाही हे मला माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, मी दुकानात मोठा सूचनाफलक रंगवून घेतला होता, त्यात चौथ्या ओळीत ते लिहिलेलं होतं, आणि नयना त्या फलकाखाली उभी होती. पण आगळ लावते हे तिने मला सांगितलं नाही आणि मी काही विचारलं नाही. पुढच्या वेळी नयना पाटीतून दोन ताजी पापलेटं घेऊन आली. म्हणाली, काकूंसाठी. मी ती खाल्ली. चव फार छान होती, त्यामुळे आणखीच राग आला.

डोळा पूर्ण बरा झाला तेव्हा सुषमा खुर्चीतून उठली आणि आतल्या स्टुलावर जाऊन बसली. मला खुर्ची मिळाली. पण गिऱ्हाईक खुर्चीला वळसा घालून आत जायला लागलं. मी समोर धडधडीत बसलेला, आणि माझ्या खांद्यावरून मान वर करून विचारणार, काकू नाहीत का आज? जसा काही मी दरवाजा आहे.

त्यावर तिने आणखी एक उद्योग केला. एकच नानकटाईचं पीठ घेऊन तिने घरी ओव्हनमध्ये आमच्याकडच्या एकेका कागदावर नानकटाया भाजल्या आणि ते वापरलेले कागद आणून दुकानात दोरीवर चिमट्यांनी टांगले. मिठाईचा कागद तेलकट होऊन आरपार झालेला, अर्ध्या नानकटाया त्याला चिकटलेल्या. मेणाचा पिवळा पडलेला आणि सुरकुतलेला. फॉइलवर तळ चिकटून फाटलेले. ओव्हनचा कागद जवळपास कोरा, परत वापरावा असा. सिलिकॉनच्या चटईवर भाजलेल्या एका नानकटाईचा फिकट तळही तिने पिशवीत घालून लावला, म्हणजे चटईवर काही चिकटत नाही पण तळाला रंग कमी येतो हे कळावं. बायका दोरीखाली उभ्या राहून बघायच्या, वास घ्यायच्या, आपापसात चर्चा करायच्या. दोरी बांधायला दुसरी जागा नव्हती म्हणून ती माझ्या सूचनाफलकावरून आडवी गेली. चौथी ओळ बरोबर मेणकागदामागे. मूग गिळून बसलो, पण अंगाचा नुसता तिळपापड.

मग आली श्वेता. रोडपालीला राहणारी, कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी करणारी मुलगी. ती आली तीच भडकून. एअर फ्रायरमध्ये आमचा कागद घातला आणि धूर निघाला, जळका वास घरभर, घर पेटलं असतं तर? मी शांतपणे सांगितलं की कागद अस्सल आहे, खोक्यावरचे अंश वाचा. ती म्हणाली वाचले होते. मी म्हणालो, मग यंत्र बिघडलं असेल. आमचं हे चाललेलं असताना आतून आवाज आला, कागद ठेवलास तेव्हा त्याच्यावर काय होतं? श्वेता म्हणाली काहीच नाही, नुसतं गरम करायला लावलं होतं. सुषमा बाहेर आली आणि तिने समजावलं की या यंत्रात पंखा जोरात फिरतो, मोकळा कागद उडून वरच्या कॉइलला जाऊन चिकटतो. कागद नेहमी पदार्थाबरोबरच आत घालायचा, वर वजन हवं, आणि हवा फिरायला कडेने जागा हवी. श्वेताचा राग उतरला आणि ती चहा पिऊन गेली. माझ्याशी भांडायला आलेली मुलगी माझ्याच बायकोची मैत्रीण होऊन गेली.

त्याच श्वेताने पुढे नोकरी सोडून रोडपालीत बेकिंग शिकवायचा स्टुडिओ काढला. तिथे एसी आहे, ओव्हन ओळीने मांडलेले आहेत. एके दिवशी ती मिठाई घेऊन आली आणि सुषमाला म्हणाली, काकू, तुम्ही माझ्याकडे शिकवायला या. भांडी कशी निवडायची, कागद कुठला, काय कशात गुंडाळायचं, हे मला येत नाही, तुम्हाला येतं.

सुषमाने माझ्याकडे पाहिलं. मी सुट्या नाण्यांचा डबा नीट लावायला घेतला.

किती महिने मी मनातल्या मनात घोकत होतो की आता हिने घरी जावं, माझं दुकान माझं मला परत द्यावं. आणि आता कुणीतरी तिला न्यायला आलं होतं. इतका वेळ मी गिऱ्हाइकांमुळे तिच्यावर जळत होतो, आता रोडपालीच्या त्या न पाहिलेल्या खोलीवर जळायला लागलो. तिथे ती बोलणार, लोक ऐकणार, आणि मी इथे दोरीवरच्या कागदांखाली बसणार. घरी आल्यावर मी कारणं काढली. रोडपालीची रिक्षा मिळत नाही. एसीत तुझे गुडघे धरतात. या वयात कुणाच्या हाताखाली कशाला? ती भाजी चिरत होती. ऐकून घेतलं सगळं. मग मीच चिडून म्हणालो की दुकानात सगळे तुलाच विचारतात, मला कुणी विचारत नाही, मला काय वाटत असेल याचा तू कधी विचार केलास?

विळी बाजूला सारून ती म्हणाली, "तुमचं हे आत्ता सुरू झालं. मी लग्नापासून या घरातला फोन उचलतेय. उचलला की पलीकडून एकच, शेठ आहेत का? नाही म्हटलं की ठेवून देत. मला काय वाटत असेल, तुम्ही कधी विचारलंत?"

मी म्हणालो, मग आधी बोलायचं होतंस.

"तुम्ही कोणता हवा एवढंच विचारता," ती म्हणाली आणि पुन्हा भाजी चिरायला लागली.

जेवणात मीठ कमी होतं, तरी ताट संपवलं. दुसऱ्या दिवशी तिने श्वेताला फोन करून आठवड्यातून काही दिवस येईन म्हणून सांगितलं.

पहिल्या दिवशी ती निळी साडी नेसून गेली. पिशवीत दोरीवरचे कागद घडी घालून नेले, म्हणजे दोरी रिकामी आणि माझा फलक पुन्हा मोकळा. चौथी ओळ स्वच्छ दिसत होती. मी खुर्चीत बसलो, पाय पसरले. एक बाई आल्या, काकू नाहीत म्हटल्यावर पुन्हा येते म्हणून गेल्या. दुसऱ्या आल्या, त्याही गेल्या. फलक कुणी वाचला नाही. दुपार झाली तरी मी कशाकडे बोट दाखवलं नव्हतं. दुकान खायला उठलं होतं हो. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

मग नयना आली. पहिला प्रश्न अर्थातच, "काकू नाय?"

नाहीत म्हणालो. आणि काय वाटलं कोण जाणे, मी तिला विचारलं, काय करणार आहेस?

ती माझ्याकडे अशी बघायला लागली जशी काही वजनकाट्याने तिची विचारपूस केली. मग सांगितलं की नणंदेच्या मुलाचं बारसं आहे, लहान लहान केक करायचेत. मी विचारलं, कशात? म्हणाली स्टीलच्या वाट्यांत. कुकरमध्ये की ओव्हनमध्ये? दोन्हीत, कारण ओव्हनमध्ये सगळे मावत नाहीत. मला जरा मजा वाटायला लागली. मी सांगितलं की तयार कागदी कप घेऊ नकोस, ते वाटीत नीट बसायचे नाहीत. वाटीच्या तळाएवढी चकती आणि एक आडवी पट्टी कापून देतो, पट्टीची टोकं वर ठेव, ती धरून केक अलगद उचलता येईल. कुकरमध्ये मात्र ती टोकं बाजूला टेकू देऊ नकोस. नयनाने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि म्हणाली, "बरोबर वाटतंय. पण काकूंना एकदा विचारून घेते."

तिने फोन काढला. काकूंचा फोन लागेना, त्या शिकवत असणार. मला कात्री फेकून द्यावीशी वाटली.

तेवढ्यात माझाच फोन वाजला. सुषमा. मागे बायकांचा गलबला ऐकू येत होता. ती म्हणाली, "अहो, इथे सगळ्याजणी विचारताहेत, मेणाचा कागद आणि ओव्हनचा कागद ओळखायचा कसा? मी म्हटलं थांबा, ह्यांना विचारते. फोन मोठ्याने लावलाय, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा."

ज्या नखाची तिने जन्मभर टिंगल केली ते तिला माहीत नव्हतं? मेणाचा पिवळा पडलेला कागद तिच्याच पिशवीत होता. तिला उत्तर माहीत होतं, मला माहीत होतं की तिला माहीत आहे, आणि तरी ती माझ्या उत्तराची वाट बघत होती. मी खुर्चीतून उठलो, कारण बसून सांगण्यासारखं ते नव्हतं. नख कसं धरायचं, ओरखडा किती दाबून काढायचा, पांढरी रेघ उमटली तर काय समजायचं, सगळं सावकाश सांगितलं. मग मिठाईच्या कागदाचं सांगितलं, भट्टीच्या ट्रेचं सांगितलं, आंबट आणि फॉइलचंही सांगितलं, जे कुणी विचारलं नव्हतं. पलीकडे कुणीतरी पुन्हा सांगा म्हणालं, मी पुन्हा सांगितलं. शेवटी सुषमाचा आवाज आला, "बघा, आमच्याकडे कागदातलं ह्यांनाच कळतं," आणि फोन बंद झाला.

मी डोळे पुसले. ऑपरेशन झालेला डोळा जरा जास्त वाहतो.

नयना समोर उभी राहून सगळं ऐकत होती. तिच्याही डोळ्यांत पाणी आलेलं. मला वाटलं आता तरी ही काहीतरी म्हणेल. चकत्यांची पुडी पदराखाली धरत ती म्हणाली, "शेठ, किती मानतात वो तुमाला. खरं सांगू, काकूंसारखं मानूस नाय."

आता बोला. उत्तर मी दिलं होतं.